छोट्या वाद्यांसाठी घरच्या घरी स्वस्तातली केस कशी बनवायची

केस बनवायची म्हटलं की बरेच जण आधी फोम आणायला धावतात, जाड मऊ फोम, त्यात वाद्य, वर झाकण, झालं काम. दिसायला छान दिसते अशी केस, पण ती हातातून निसटली की आतलं वाद्य त्या मऊ जागेत इकडून तिकडे आपटतं आणि जे तुटायचं ते तुटतंच. म्हणून मटेरियलचा विचार नंतर करा, आधी एवढंच ठरवा की वाद्य केसला कुठे टेकणार आणि कुठे अजिबात टेकणार नाही. हे एकदा पक्कं झालं की मग पुठ्ठा काय, पीव्हीसी पाइप काय आणि जुनी चष्म्याची केस काय, घरात पडलेल्या कशातूनही चांगली केस होते.

तर वाद्य हातात घ्या आणि नीट बघा. युकुलेली (छोट्या गिटारसारखं चार तारांचं वाद्य) किंवा मेंडोलिन असेल तर वाद्याच्या पेटीच्या कडा, म्हणजे जिथे वरची फळी आणि बाजू जोडल्यात तो भाग, हा सगळ्यात मजबूत, आणि दांडी पेटीला जिथे मिळते तो जाड भागही मजबूत. कमकुवत काय, तर वरच्या फळीचा मधला भाग, घोडी (फळीवर तारा जिच्यावर टेकतात ती), खुंट्या, आणि दांडीला खुंट्यांचं डोकं जिथे जोडलंय ती मान. केस पाठीवर धप्पकन पडते तेव्हा पेटी फोममध्ये थांबते पण खुंट्यांमुळे जड झालेलं डोकं पुढे जात राहतं, आणि ते डोकं जर केसच्या तळाला टेकलेलं असेल तर सगळा दणका त्या मानेत जातो. म्हणून आधार दांडीच्या खाली द्यायचा, डोक्याच्या जरा अलीकडे, आणि डोकं चक्क हवेत ठेवायचं. डोक्याखाली बोटभर जागा मोकळी दिसली की समजा बरोबर आहे. मेंडोलिनची घोडी बहुतेक वेळा चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या ताणावर उभी असते, त्यामुळे झाकणाने तिला वरून किंवा बाजूने धक्का दिला की ती सरकते आणि सूर बिघडतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. कलिंबाच्या (अंगठ्यांनी वाजवायच्या) धातूच्या पट्ट्या कशालाही टेकता कामा नयेत, पट्टी जरा मागेपुढे सरकली की स्वर बदलला. माउथ ऑर्गनच्या वरचे पत्रे दाबले तर आत वाकून स्वर देणाऱ्या पात्यांना लागतात. मातीच्या ऑकारिनाची (फुंकून वाजवायचं छोटं पोकळ वाद्य) तोंडाकडची चोच पहिली तुटते. बासरीची टोकं सांभाळायची, भेग बऱ्याचदा टोकापासून सुरू होते.

माप

मोठा कागद टेबलावर पसरा, वाद्य त्यावर ठेवा आणि पेन्सिल अगदी उभी धरून कडेने फिरवा. पेन्सिल साधारण 7 मिमी जाड असते म्हणजे तुमची रेघ वाद्यापासून साडेतीन मिमी लांब पडते, हे विसरायचं नाही नाहीतर फोममधली खाच सैल होते. मग त्याच कागदावर घोडी कुठे, खुंट्या कुठे, दांडी कुठे संपते हे सगळं लिहून ठेवा, हाच कागद पुढे शेवटपर्यंत लागतो. उंची मोजताना वाद्य आडवं ठेवून सगळ्यात उंच भागापर्यंत मोजा, पेटीची जाडी मोजून गप्प बसू नका, घोडी आणि तारा त्याच्या वर असतात.

आता हिशोब. सोप्रानो, म्हणजे छोट्या मापाची, युकुलेली साधारण 53 सेंमी लांब असते. दोन्ही टोकांना 2 सेंमी फोम लावला आणि तो दाबून 17 मिमीच्या आसपास झाला तर केसची आतली लांबी साडेछप्पन्न सेंमीच्या जवळपास येते. फोम थोडा दाबलेला असायलाच हवा, जिथे तो दाबलेला नाही तिथे वाद्य खुळखुळणार. भिंत दोन थरांच्या पुठ्ठ्याची म्हणजे 6 ते 8 मिमी धरली तर दोन्ही बाजूंची मिळून ती जाडी बाहेरच्या मापात मिळवायची. उंचीला मात्र वेगळा हिशोब, खाली 2 सेंमी फोम, मग वाद्य, आणि घोडीच्या वर किमान दीड सेंमी पूर्ण रिकामी जागा. तिथे फोम नको, अस्तर चालेल.

लांब आणि बारीक वाद्यं: पाइपची केस

बासरी, रेकॉर्डर, टिन व्हिसल ह्यांच्यासाठी पीव्हीसी पाइपपेक्षा सोपं काही नाही. पाइप घेताना त्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, तो आकडा बऱ्याचदा बाहेरच्या व्यासाचा असतो आणि भिंत किती जाड आहे त्यावर आतली जागा ठरते, त्यामुळे वाद्यच बरोबर घेऊन जा किंवा आतला व्यास स्वतः मोजा. बासरी 3 सेंमी जाड असेल तर आतून 4 ते साडेचार सेंमीचा पाइप बरोबर बसतो, कारण बासरीवर कापडी खोळ येणार आहे.

पाइप सरळ कापायची युक्ती म्हणजे कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळायची, कडा एकमेकांवर नीट जुळवायची आणि त्या कडेने रेघ मारायची. हॅक्सॉने कापा, कापताना पाइप हळूहळू फिरवत राहा, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने आतली आणि बाहेरची कड घासून घ्या. आतली कड विशेष, तिथे राहिलेला धारदार काठ रोज बासरी घालता काढताना तिला ओरखडणार. घासल्यावर पाइप धुऊन वाळवा, आत भुसा राहतो.

एका टोकाचं झाकण कायमचं चिकटवा. दुसरं घट्ट बसत असेल तर त्याची आतली बाजू पॉलिश पेपरने घासत जा, हाताने ओढून निघेल पण उलटं धरून हलवलं तरी पडणार नाही इतपत. आणि दोन्ही झाकणांना 3 मिमीचं एकेक भोक नक्की पाडा. भोक नसलं की झाकण काढताना आत हवा ओढली जाऊन ते अडकून बसतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाजवल्यावर बासरीत ओल असते, बंद पाइपात ती कोंडून बुरशी धरते. बांबूला फार कोरडं पण नको आणि फार ओलं पण नको. वाजवून झालं की आधी आतून कपड्याने पुसा, थोडी हवा लागू द्या, मग केसमध्ये.

पाइपच्या आतून कापड चिकटवायच्या भानगडीत पडू नका. लांब पाइपात हात जात नाही, कापड मधेच सुटतं आणि पुढच्या वेळी बासरी त्यात अडकते. त्यापेक्षा फ्लीस किंवा फ्लॅनेलची मोज्यासारखी लांब खोळ शिवा, बासरीपेक्षा वीतभर जास्त, आणि बासरी आधी खोळीत मग खोळ पाइपात. खोळीचं वरचं तोंड दुमडून ठेवायचं, ते धरून ओढलं की बासरी बाहेर. पाइपच्या दोन्ही टोकांना फोमची 2 सेंमी जाड गोल चकती टाका. दोन तीन बासऱ्या एकाच पाइपात ठेवायच्या असतील तर एकाच मोठ्या कापडाला वेगवेगळे कप्पे शिवून ते गुंडाळा, बासरीला बासरी घासायला नको.

पोस्टर पाठवतात ती पुठ्ठ्याची नळी पण चालते, वजनाला हलकी, फक्त तिची टोकं लवकर फुगतात म्हणून टोकांवर कापडाची पट्टी फेव्हिकॉलमध्ये भिजवून दोन वेढे द्या.

युकुलेली, मेंडोलिन वगैरे: पुठ्ठ्याची पेटी

इथे वेळ लागतो, पण मजा पण इथेच आहे. मोठ्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा घ्या, ओला झालेला किंवा दुमडून मोडलेला नको. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एकाच दिशेने जातात आणि त्या दिशेला आडवा तो सहज वाकतो, म्हणून दोन थर चिकटवताना एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या. असा दोन थरांचा पुठ्ठा इतका ताठ होतो की पहिल्यांदा बनवणाऱ्याला विश्वासच बसत नाही. फेव्हिकॉल पातळ पसरा, जुन्या प्लास्टिक कार्डाने छान पसरतो, जास्त ओतला तर पुठ्ठा ओला होऊन वाकडा वाळतो. वर सपाट फळी आणि पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर सोडा.

आकार साधा चौकोनी ठेवा. वाद्याच्या आकाराची वळणदार केस दिसते सुंदर पण जागा वाचण्याशिवाय तिचा फायदा फारसा नाही, उलट चौकोनी केसमध्ये डोक्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते तिथे ट्यूनर, जादा तारा, फडकं सगळं मावतं. वळण हवंच असेल तर बाजूच्या पट्टीसाठी एक थराचा पुठ्ठा घ्या, नळ्या उभ्या ठेवा, टेबलाच्या कडेवरून पट्टी ओढून नळ्या जरा चेपून घ्या म्हणजे ती न मोडता वळते, मग त्यावर दुसरा थर जागेवरच चिकटवा.

पेटी आणि झाकण वेगळं बनवू नका. दोन वेगळे भाग बनवले की ते कधीही एकमेकांवर नीट बसत नाहीत. सुतार लोक करतात तसं करा, सहाही बाजू बंद असलेली पूर्ण पेटी चिकटवा, वाळू द्या, आणि मग चारी बाजूंनी एकाच उंचीवर रेघ मारून ती कापा. झाकण आपोआप तंतोतंत जुळतं. कापायच्या आधी रेघेच्या वर खाली एक तिरकी खूण करून ठेवा म्हणजे झाकण उलटसुलट होत नाही. कटरला नवीन पातं लावा आणि एकदाच जोर लावण्यापेक्षा हलक्या हाताने चार पाच वेळा त्याच रेघेवरून फिरवा. पट्टी स्टीलची घ्या आणि बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला. रेघ पेटीच्या वरच्या एक तृतीयांश भागात ठेवा, वाद्य खालच्या भागात खोल बसलं पाहिजे. 3 मिमी प्लायवूड वापरणार असाल तरी पद्धत हीच, फक्त कटरऐवजी बारीक दातांची करवत आणि आतल्या कोपऱ्यांना लाकडाच्या बारीक पट्ट्या.

आता बाहेरून कापड. जुनी सुती चादर किंवा जीन्सचं कापड, फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून ब्रशने पेटीला लावायचं, वर कापड बसवायचं, वरून परत एक हात. कोपऱ्यांवर आधी वेगळ्या पट्ट्या लावून घ्या, दणका कोपऱ्यालाच बसतो. हे वाळलं की पेटी ठोकळ्यासारखी कडक होते. पण फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो म्हणून वरून ऑइल पेंटचे किंवा वार्निशचे दोन हात द्यायलाच हवेत. रंग फिका घ्या असं मी म्हणेन, काळी केस उन्हात भयंकर तापते, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तर कुठलीच केस ठेवू नका, काही वाद्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि तो उष्णतेने मऊ पडतो.

फोम

मुठीने दाबून बघा. खालचं टेबल हाताला जाणवलं तर तो फोम फार मऊ, वाद्याच्या वजनाने तो आधीच बसणार आणि पडताना काहीच उरणार नाही. जुन्या गादीचा स्पंज ह्याच कारणाने एकटा पुरत नाही, शिवाय काही वर्षांनी त्याची पिवळी पूड होऊन ती वाद्याच्या भोकात जाते. टीव्ही फ्रिजच्या खोक्यातला पांढरा लवचीक पॅकिंग फोम, जुनी योगा मॅट किंवा इव्हा शीट (रबरासारखा घट्ट फोम) हे चांगलं, कडक असून दबतं आणि परत येतं. माझी आवड म्हणजे खाली कडक फोम आणि वाद्याला लागेल तिथे वरून 5 मिमी मऊ थर. थर्माकोल टाळा, तो एकदा दबला की दबलेलाच राहतो, आणि सॉल्व्हंटवाला गोंद लागला की विरघळतो.

जाड ठोकळा कोरत बसू नका, थर कापा. कागदावरचा आकार प्रत्येक थरावर उतरवून आरपार कापायचा आणि असे थर एकमेकांवर चिकटवून खाच तयार करायची, तळाचा थर तेवढा अखंड. कटरचं पातं लांब बाहेर काढा, फोम पट्टीने दाबून धरा आणि पातं सरळ उभं ठेवा. दांडीसाठी वेगळा ठोकळा करा, त्यात दांडीच्या पाठीइतकी गोल खाच, आणि तो डोक्याच्या अलीकडे बसवा. त्याच्या पुढे डोक्याखाली काही नाही. झाकणाच्या आत फक्त पट्ट्या लावायच्या, वाद्याच्या पेटीच्या कडांवर आणि दांडीच्या ठोकळ्याच्या बरोबर वर येतील अशा, म्हणजे बंद केल्यावर वाद्य वरखाली दोन्हीकडून धरलं जातं आणि मधली फळी आणि घोडी मोकळी राहते.

अस्तर

मखमल छान दिसते, फ्लीस सोपं पडतं. काहीही घ्या पण आधी धुऊन वाळवा, गडद रंगाचं कापड फिक्या पॉलिशवर रंग सोडू शकतं. गोंद कापडाला नाही, पुठ्ठ्याला लावायचा, पातळ, आणि जरा चिकट झाल्यावर कापड बसवायचं, नाहीतर गोंद कापडातून वर येतो आणि तिथे कायमचा कडक डाग राहतो. सुरुवात सगळ्यात खोल कोपऱ्यातून करा आणि तिथून कडेकडे या. कडेपासून सुरू केलं तर कापड कोपऱ्यात ताणलेलं राहतं आणि दोन दिवसात सुटतं. वाद्य बसतं त्या खाचेच्या तळाला गोंद नकोच, कापड नुसतं ढिलं सोडा.

रेक्झिन बाहेरून लावायला हरकत नाही, आतून मात्र वाद्याला टेकेल असं नको. रेक्झिनवरच्या मऊ व्हायनलमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे ते मऊ ठेवणारं रसायन, लॅकरच्या पॉलिशमध्ये उतरतं आणि पॉलिश चिकट होतं, रबराचंही तसंच. आतमध्ये सिलिकॉन सीलंट वापरायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते वाळताना आम्ल सोडतं आणि पितळ तांबं काळवंडतं. सगळं झाल्यावर केस उघडी ठेवून आठवडाभर हवा खाऊ द्या, नाक आत घालून गोंदाचा वास येतोय तोवर वाद्य आत नाही.

बिजागरी, कडी, हँडल

पुठ्ठ्यात स्क्रू टिकत नाही, त्यामुळे बिजागरी कापडाची. पूर्ण लांबीची जाड कापडी पट्टी बाहेरून एक आणि आतून एक, झाकण बंद ठेवून बाहेरची आणि उघडं ठेवून आतली चिकटवायची. झाकण मागे पडून बिजागरी फाटू नये म्हणून बाजूला एक नाडी लावा, झाकण काटकोनाच्या जरा पुढे जाऊन थांबेल इतकी.

बंद करायला जुन्या बॅगेची बक्कलं सगळ्यात बरी. वेल्क्रो चालतो, पण त्याची काटेरी बाजू झाकणाच्या बाहेर ठेवा, अस्तराला लागली की ते ओरबाडून निघतं. चुंबक सुंदर बंद होतात, मात्र कलिंबाच्या केसमध्ये ते पट्ट्यांपासून लांब ठेवा, पट्ट्या स्टीलच्या असतात.

हँडलचं वजन पुठ्ठ्यावर यायला नको. बॅगेच्या पट्ट्याचे दोन वेढे पूर्ण पेटीखालून घ्या आणि वर हँडल त्यांनाच शिवा, म्हणजे वजन पट्टा उचलतो. वेढे खालच्या पेटीलाच चिकटवा, झाकणाला नाही, नाहीतर कडी उघडी राहिली असताना उचललं की वाद्य थेट जमिनीवर. जागा ठरवायला वाद्य आत ठेवून केस एका काठीवर तोला, जिथे तोल राहतो तिथे हँडलचा मध्य. वाद्याचं डोकं त्याच्या पेटीपेक्षा हलकं असतं म्हणून ही जागा केसच्या मध्यावर येत नाही, वाद्याच्या पेटीच्या बाजूला सरकते.

तपासणी

आधी खडूची. घोडी, खुंट्या जिथे जिथे उंच भाग आहे त्याच्या बरोबर वर झाकणाच्या आत काळा कागद टेपने लावा, उंच भागांवर कागदाचे तुकडे ठेवून त्यावर खडूची पूड चोळा, झाकण बंद करा, वरून हाताने जरा दाबा, उघडा. काळ्या कागदावर पांढरा डाग दिसला की तिथे झाकण टेकतंय, तिथला फोम कमी करा.

मग हलवून बघा. केस कानाजवळ धरून सगळ्या बाजूंनी हलवा, ठक असा आवाज आला तर कुठून येतो ते शोधा, तिथे फोमची पातळ पट्टी वाढवा. तारांचा हलका झंकार येतो तो वेगळा, त्याला घाबरायचं नाही.

शेवटी पाडून. खरं वाद्य नको हे सांगायला नको, त्याच्या मापाची लाकडी पट्टी घ्या, पेटीच्या जागी वाळूची पिशवी बांधून वजन सारखं करा आणि डोक्याच्या जागी खडूची अखंड कांडी टेपने लावा, अर्धी पट्टीवर आणि अर्धी बाहेर. गुडघ्याइतक्या उंचीवरून पाठीवर, बाजूवर आणि टोकावर पाडा. खडू तुटला तर दांडीचा आधार चुकीच्या जागी आहे किंवा डोक्याभोवती जास्त मोकळी जागा हवी.

अगदी छोटी वाद्यं

इथे बनवण्यापेक्षा शोधण्यात शहाणपण. 10 भोकांचा माउथ ऑर्गन साधारण 10 सेंमी लांब असतो, चष्म्याच्या कडक केसमध्ये तो आरामात बसतो, दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे टाकले की झालं. आत ठेवायच्या आधी तो तळहातावर आपटून लाळ काढून टाका आणि केसला दोन बारीक भोकं पाडा. वेगवेगळ्या पट्टीचे (म्हणजे स्केलचे) चार पाच असतील तर जाड कापडाचा कप्पेवाला रोल शिवा, प्रत्येक कप्प्यावर पट्टीचं नाव, पण रोल फक्त ओरखड्यांपासून वाचवतो, दाबापासून नाही, तो परत एखाद्या डब्यात ठेवा.

ऑकारिनासाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, फोमचे दोन थर, दोन्हीत अर्धा अर्धा आकार कोरा आणि चोचीभोवती मुद्दाम जास्त मोकळं ठेवा. कलिंबाला असाच डबा, फक्त वरच्या फोममध्ये पट्ट्यांच्या जागी पूर्ण खिडकी कापायची. युकुलेलीला जुन्या टेनिस रॅकेटचं कव्हर बऱ्यापैकी जमतं, आत पुठ्ठ्याचा ताठ तळ घातला तर. चेनची बाजू आतून कापडाच्या पट्टीने झाका, चेनचे दात पॉलिश खातात.

लाकडी वाद्याला हवेतली आर्द्रता साधारण 45 ते 55 टक्के असली की बरं. फार दमट हवा असेल तर सिलिका जेलच्या पुड्या कापडी पिशवीत शिवून वाद्याला न टेकता ठेवा, रंग बदलणाऱ्या गोळ्यांची पुडी मिळाली तर उत्तम, रंग बदलला की वाळवायची वेळ झाली हे कळतं. कोरड्या हवेत मात्र त्या काढून टाका, लाकडातलं पाणी ओढून त्या भेग पाडतील. फोम दर वर्षी एकदा बोटाने दाबून बघायचा, खाच बसलेली वाटली की तेवढाच थर बदलायचा, म्हणूनच तळाचा थर कायमचा चिकटवू नका, चार ठिपके पुरतात.